झडतीबाई

“भावजी, जरा ‘हा’ करा.”

बाकावर अंग मुडपून बसलेल्या टिल्लूने मान वर केली. कुणीतरी टाकलेलं पातळ ब्लँकेट त्याच्या गुडघ्यांवर होतं. त्याखालची पँट ओलीचिंब होती, आणि दात एकमेकांवर असे आपटत होते की बोलायला तोंड उघडायचीच पंचाईत.

“अं? काय वहिनी?”

“तोंड उघडा. श्वास सोडा माझ्याकडे. जोरात.”

हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात माणसांची ये-जा चालली होती. टोकाचं दार कुणी नीट लावत नव्हतं, त्यामुळे दर वेळी थंड वाऱ्याचा झोत थेट त्या बाकापर्यंत यायचा. टिल्लूने निमूटपणे ‘हा’ केलं. बाईंनी नाक पुढे नेलं. वास मातीचा होता, गंजाचा होता, साठलेल्या पाण्याचा होता. दारूचा नव्हता. पण वास नाही म्हणजे दारू नाही, असं मानणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. वास मारायला माणसं काय काय चघळतात, ते त्यांना तोंडपाठ होतं.

“येताना चूळ भरलीत?”

“नाही हो वहिनी. मिस्त्री... मिस्त्री कसे आहेत?”

“ते मला काय विचारता? बरोबर तुम्ही होतात.”

टिल्लू काहीतरी सांगायला गेला, पण शब्द दातांतच अडकले. बाई पाठ फिरवून आत गेल्या.

बाईंची नोकरीच मुळी संशयाची. तयार कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी एक पडदा लावलेला होता. सुटीचा भोंगा झाला की बायका एकेक करून त्या पडद्याआड यायच्या आणि बाई त्यांच्या अंगावरून हात फिरवायच्या. काखेत, कमरेला, पायमोज्यात, डब्याच्या तळाशी, केसांच्या अंबाड्यातसुद्धा. लेसचं रीळ, बटणांची पुडी, कधी अख्खा शर्ट. डोळ्यांना जे दिसत नाही ते बाईंच्या बोटांना लागायचं. कारखान्यातल्या पोरी त्यांना ‘झडतीबाई’ म्हणायच्या, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. खरं तर थोडं बरंच वाटायचं.

घरी आल्यावरही ती बोटं स्वस्थ बसत नसत. दुधाचं भांडं उजेडात धरून बघायचं, दुकानदाराचा तराजू स्वतः हलवून बघायचा, औषधाची गोळी फोडून चाटून बघायची. नवरा, मिस्त्री, मात्र नेमका उलट स्वभावाचा. पाणीपुरवठा खात्यात पंप दुरुस्त करणारा हा माणूस जो जे सांगेल ते खरं मानून मोकळा व्हायचा. “हिच्यापुढे साक्षात देवाने हात जोडले,” तो मित्रांना सांगायचा, “तरी ही म्हणेल, ओंजळीत काय लपवलंय ते आधी दाखव.” आणि स्वतःच गडगडाट करून हसायचा.

टिल्लू हा त्याचा जोडीदार. छोट्या टिल्लू पंपाएवढाच बुटका, म्हणून टिल्लू. एके काळी हा टिल्लू प्यायचा. तसा पिऊन एकदा कामावर आला, हातातली कळ सुटली आणि मिस्त्रीचं अर्धं बोट गेलं. मिस्त्री त्याला एक शब्द बोलला नाही. टिल्लूने त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही, असं सगळे म्हणायचे. बाई काही म्हणायच्या नाहीत. टिल्लू घरी आला की पाण्याचा पेला त्याच्या हातात देताना त्या अंमळ जवळ उभ्या राहायच्या, एवढंच. टिल्लूला ते कळायचं. तो मुद्दाम “आहाऽ, गार आहे हं पाणी” म्हणत मोठा श्वास सोडायचा.

त्या दिवशी सकाळी कारखान्यात निरोप आला तो तुटक होता. पंपघराच्या खोल खड्ड्यात मिस्त्री मोटर बसवत असताना तिचा चौथरा खचला, मोटर घसरून पायावर बसली, आणि कुठूनसं पाणी भरायला लागलं. थंडीचे दिवस, भूमिगत टाकीचं पाणी. अग्निशामक दलाने मोटर उचलेपर्यंत सकाळ सरून गेली होती. बाई हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत त्यांच्या मनात एकच हिशेब चालला होता. मिस्त्री खाली उतरला की टिल्लू वर थांबतो, सामान देतो, पाण्याची कळ बंद आहे ना ते बघतो. ही नेहमीची वाटणी. मग पाणी आलं कुठून? आणि पोहोचल्यावर बाकावर बघितलं, तर वर थांबलेला माणूस गळ्यापर्यंत भिजलेला. तो कसा? तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणलं असेल कुणी. किंवा त्यानेच अंग धुतलं असेल, वास जायला. बाईंचा हिशेब जुळत चालला होता.

आत मिस्त्रीचा चेहरा बघून मात्र हिशेब विसरला. ओठ निळे पडले होते. भिजलेले कपडे कात्रीने कापून खाली टाकले होते, आणि अंगावर कागदासारखी पातळ रजई होती. एका यंत्रातून तिच्यात गरम हवा भरली जात होती. रजईखाली मिस्त्री थडथडा उडत होता. बाईंनी धावत जाऊन त्याचा चांगला पाय हातात घेतला आणि तळवा चोळायला सुरुवात केली.

एक जाडजूड हात मनगटावर पडला. “चोळू नका.”

सिस्टर वयाने बाईंएवढीच होती. चष्मा नाकाच्या टोकावर.

“अहो, गारठलेत ते!”

“म्हणूनच सांगतेय. हातापायांना एकदम ऊब दिली की तिथलं गार रक्त काळजाकडे धाव घेतं. आधी छाती, मग पोट. सावकाश. हातपाय शेवटी.”

“गरम पाण्याची पिशवी तरी द्या.”

“नको. कातडी भाजेल आणि त्यांना कळणारही नाही.”

“तुम्हाला कशी कळत नाही माया!” बाई म्हणाल्या. मनात वेगळंच होतं. पिशवी नसेल यांच्याकडे. नाहीतर कुणा ओळखीच्याला दिली असेल.

पायावरच्या जखमेला दाबून धरलेली पट्टी सिस्टरने बदलली. पहिली पट्टी लालभडक होऊन गेली होती. “बघा, अजून थांबत नाही. रक्त गार पडलं की गोठत नाही, नुसतं वाहत राहतं. म्हणून सलाइनसुद्धा कोमट लावलंय. हात लावून बघा नळीला.”

ती सहज म्हणाली असेल. बाईंनी खरंच हात लावून बघितला. नळी कोमट होती. बाईंनी मनातल्या मनात सिस्टरच्या नावावर एक गुण मांडला. पण तेवढ्यावर पास करायची त्यांची पद्धत नव्हती.

“हे कुडकुडणं थांबवा ना त्यांचं. बघवत नाही.”

“कुडकुडतायत तोवर चांगलं आहे,” सिस्टर म्हणाली. “शरीर आतून शेगडी पेटवून बसलंय. उलट थरथर अचानक थांबली, जीभ जड झाली, काहीबाही बरळायला लागले, तर मला हाक मारायची. झोप लागली बिचाऱ्यांना, असं समजून गप्प बसायचं नाही. काय?”

बाईंनी मान हलवली आणि खुर्ची ओढून मिस्त्रीच्या तोंडासमोर बसल्या. पहारा कसा करायचा ते त्यांना सांगायला नको होतं.

दुपार कलायला लागली तसा मिस्त्री हळूहळू रंगावर आला. थरथर कमी झाली, पण डोळे उघडे होते, बोलणं शुद्ध होतं. “तू कामावरून आलीस? जेवलीस का?” असं विचारण्याइतकं शुद्ध. आणि मग पाय दुखायला लागला.

एक तरुण डॉक्टर आला, त्याने बघितलं. “हाड मोडलंय, दुखणारच,” म्हणाला, आणि इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे गेला. इंजेक्शनने काही झालं नाही. मिस्त्रीने खाटेची दांडी धरली होती आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. इतक्या गार माणसाला घाम.

“आत कुणीतरी पिळतंय गं,” तो म्हणाला.

अर्धं बोट तुटून पडलं तेव्हा हा माणूस स्वतः रिक्षा बोलावून दवाखान्यात गेला होता. बाईंनी चादर वर करून पोटरी चाचपली. कापडाखाली लपवलेली वस्तू ओळखणारी ती बोटं क्षणभर थबकली. मांस लागतच नव्हतं. पोटरी लाकडासारखी कडक, ताणून चकचकीत झालेली. मग त्यांची नजर खाटेच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीवर गेली. पिशवीत काळ्या चहाच्या रंगाचं काहीतरी जमत होतं.

“सिस्टर! काय दिलंत तुम्ही ह्यांना? कसलं औषध घातलंत? हे बघा काय उतरतंय ते! दुसऱ्याचं औषध घातलंत ना?”

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. सिस्टर आली, पिशवी उजेडात धरली, पोटरी दाबली, मिस्त्रीच्या पायाचा अंगठा वरच्या बाजूला जरासा वाकवला. मिस्त्री किंचाळला. तो आवाज बाईंनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

“बरं झालं ओरडलात,” सिस्टर बाईंना म्हणाली आणि चालण्याऐवजी पळाली.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी बाईंना बाजूला नेलं. बोलणं भराभर, पण सरळ. “तुमचे मिस्टर पंपाचं काम करतात ना? मग कळेल तुम्हाला. इतका वेळ वजनाखाली चिरडलेला स्नायू मरायला लागतो. वजन उचललं की त्यातला सगळा गाळ रक्तात सुटतो. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. ती तुंबायला लागलीय, म्हणून हा रंग. आपण पाणी चढवून ती धुऊन काढतोय. पण पायाचं थांबून चालणार नाही. स्नायू आत सुजतोय, त्याच्यावरचं आवरण ताणलं जात नाही, त्यामुळे आतला रक्तपुरवठाच दाबला जातोय. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल. इथे सही करा.”

“पाय कापणार.”

“कापणार नाही. चिरणार.”

“तेच ते.”

“तेच ते नाही, बाई. थांबलात तर मात्र तेच ते होईल.”

बाई कागद हातात घेऊन व्हरांड्यात आल्या. एवढी घाई कशाची? घाई करणारा माणूस काहीतरी दडवत असतो, हा त्यांचा फाटकावरचा अनुभव. घाई करणारी बाई पडद्याआडून निघताना हमखास एक हात पोटाशी धरून निघायची. बाकावर टिल्लू तसाच बसला होता. मघापेक्षा शांत. त्याने डोळे अर्धवट उघडले.

“करा... सई करा वयनी...” शब्द एकमेकांत लोळत होते. “डागतर... चांगला ए...”

घ्या! जीभसुद्धा वळेना. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. सिस्टर मागोमाग आली होती, तिने बाईंच्या कोपराला धरलं.

“तुम्ही कपड्यांच्या कारखान्यात आहात ना? घट्ट बाहीत दंड अडकला, हात काळानिळा पडला, तर काय करता? हात कापता का?”

“शिवण उसवतो.”

“तेवढंच करायचंय. शिवण उसवायची. नंतर सूज उतरली की पुन्हा शिवायची.”

बाईंनी सिस्टरच्या डोळ्यांत बघितलं. तिथे काही लपवलेलं दिसेना. त्यांनी सही केली. अक्षर वाकडं आलं.

मिस्त्रीला आत नेलं आणि मोठं दार बंद झालं. मग पाणीपुरवठ्याचे साहेब आले. इस्त्रीचा कोट, हातात फोन. “फार वाईट झालं,” ते म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, “खाली माणूस असताना कळ कशी उघडी राहिली, काही कळलं? जोडीदाराचं लक्ष कुठे होतं?”

बाईंनी व्हरांड्याकडे बोट केलं. टिल्लू नेमका त्याच वेळी उठून उभा राहिला होता. भिंतीला धरून त्याने पाऊल टाकलं, ते भलतीकडेच पडलं, दुसरं त्यावर आदळलं. कुणीतरी दिलेला चहाचा कप त्याच्या बोटांतून सुटून फरशीवर आपटला. तो त्याकडे बघत राहिला आणि परत बाकावर कोसळला.

“प्यायलाय तो,” बाई म्हणाल्या. “पूर्वी प्यायचाच.”

“तुम्ही स्वतः बघताय ना? मग झालं!” साहेब म्हणाले.

‘मग झालं’ म्हणताना साहेबांचा चेहरा सुटला. खांदे खाली आले, फोनवर अंगठा पळायला लागला. वाईट वाटलेल्या माणसाचा चेहरा असा सुटत नाही. बाईंना तो चेहरा ओळखीचा वाटला. फाटकाशी कधीकधी एखादी पोर मागच्या पोरीकडे बोट दाखवून म्हणायची, “तिच्या पिशवीत बघा हो बाई,” आणि बाई तिकडे वळल्या की हिचा चेहरा असाच सुटायचा. अशा वेळी बाई मागच्या पोरीला सोडून आधी हिचीच झडती घ्यायच्या.

साहेबांना असा कसला आनंद झाला?

पण साहेबांची झडती घेता येत नाही. बाई टिल्लूकडे वळल्या. पुरावा पाहिजे. बाटली असणारच, बनियनच्या आत नाहीतर कमरेला. टिल्लू मान छातीवर टाकून बसला होता. ब्लँकेट खाली पडलं होतं. तो शर्टाच्या गुंड्यांशी झटापट करत होता आणि पुटपुटत होता, “उकडतंय... लई उकडतंय...” दारातून बोचरा वारा येत होता, आणि हा शर्ट काढत होता.

“हात वर करा,” बाई म्हणाल्या.

टिल्लूने हात वर केले नाहीत. बाईंनी त्याची वाट बघितली नाही. त्यांचे हात सवयीने शर्टात शिरले. काख, बरगड्या, कंबर, पोट.

बाटली नव्हती.

आजवर किती अंगांवरून ते हात फिरले असतील. घामेजलेली अंगं, घाबरलेली, चिडलेली, गरोदर, तापाने फणफणलेली. प्रत्येकाला ऊब असायची. चोराच्या अंगालाही असायची. हे पोट भिंतीसारखं होतं. काखसुद्धा गार. बाईंनी पुन्हा पोटावर तळवा टेकवला, जणू आपलाच हात खोटं बोलतोय. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की मघा या माणसाचे दात वाजत होते. आता वाजत नव्हते.

“सिस्टर!” बाई ओरडल्या. “सिस्टर, थरथर थांबली!”

सिस्टर दारातून डोकावली. “तुमचे मिस्टर आत आहेत हो, त्यांना भूल दिलीय—”

“ह्यांची नाही! ह्या भावजींची! पोट बघा, पोट!”

सिस्टरने हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. पुढचं सगळं पळापळीत झालं. चाकांची खाट आली, दोघं जण टिल्लूला काखेत धरून उचलायला लागले तशी सिस्टर कडाडली, “आडवा धरा! ओढू नका, अलगद सरकवा. इतकं गारठलेलं काळीज धक्क्यानेसुद्धा बंद पडतं.” त्यांनी अलगद सरकवला. तरी दारापाशी पोहोचेपर्यंत ते बंद पडलंच.

काचेतून बाईंना दिसत होतं ते एवढंच. बुटकं शरीर, त्यावर वाकलेला तरुण डॉक्टर, छातीवर दाबणारे हात, थकले की दुसरे हात. गरम हवेची ती रजई. कोमट सलाइन. पुष्कळ वेळ गेला. एक जण मान हलवून मागे सरला, तशी सिस्टरने त्याला ढकलून स्वतः दाबायला सुरुवात केली. “अजून गार आहेत ते,” ती दम खात म्हणत होती. “गार आहेत तोवर कुणी थांबायचं नाही.”

बाईंच्या हातात टिल्लूचा ओला शर्ट होता. तो केव्हा हातात आला, त्यांना कळलं नव्हतं. त्या तो पिळत होत्या, आणि फरशीवर गढूळ पाण्याचं थारोळं साचत होतं.

पडद्यावरची रेघ परत उड्या मारायला लागली तेव्हा सिस्टर बाहेर येऊन त्याच बाकावर बसली. चष्मा काढून तिने डोळे पुसले.

“दुपारपासून किती वेळा गेले असेन मी याच्यासमोरून,” ती म्हणाली. “येताना विचारलं होतं मी, तुम्हाला काय झालंय? ‘मला काही नाही, त्याला बघा,’ म्हणाला. आणि मी ऐकलं. चालत आलेला माणूस, बोलणारा माणूस.”

बाईंनी तो ओला शर्ट बाकावर ठेवला. त्या साहेबांना शोधायला जिन्यापर्यंत गेल्या. साहेब निघून गेले होते.

मिस्त्रीचा पाय राहिला. दोन्ही बाजूंनी चिरलेला, उघडा, रोज धुतला जाणारा. मेलेला स्नायू थोडा काढावा लागला. मूत्रपिंडं रुसली होती, त्यामुळे काही दिवस रक्त यंत्रातून फिरवून आणावं लागलं. त्या यंत्राला जोडलेला असताना एका सकाळी मिस्त्री बोलता झाला.

“पाणी हनुवटीला लागलं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, संपलं. तर हा वरून उडी मारून खाली. कळ बंदच होती गं, त्याने दोनदा बघितली होती. दुसऱ्या लाइनचं पाणी वरच्या ऑफिसातून सोडलं कुणीतरी, न विचारता. हा माझ्यामागे पाण्यात बसला आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. बुटका माणूस, त्याच्या स्वतःच्या नाकाला पाणी लागत होतं. अग्निशामकवाले म्हणाले, तू वर ये, आम्ही धरतो. तर म्हणाला, जागा बदलताना हा बुडेल. मोटर हलेपर्यंत हलला नाही. आणि मला काय काय जोक सांगत होता माहितीय? सगळे शिळे.”

तो हसायला गेला आणि खोकला. मग त्याने बायकोकडे नीट बघितलं. तिला तो पंचवीस वर्षं ओळखत होता.

“तू त्याला काही बोलली नाहीस ना?”

बाईंनी चादरीची सुरकुती सरळ केली.

“बोलले,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने डोळे मिटले. त्याने एक शब्द काढला नाही, आणि बाईंना पहिल्यांदाच वाटलं की त्याने काढायला हवा होता.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली. टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. साहेबांनी कागद पुढे सरकवला. “घटनेच्या दिवशी जोडीदार दारूच्या नशेत होता, असं तुम्ही मला सांगितलंत. फक्त सही.”

“सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “चूक होती. मी त्याचं तोंड हुंगलं होतं, वास नव्हता. मी त्याचं अंग तपासलं, बाटली नव्हती. तोल जात होता, जीभ लोळत होती, ते गारठ्याने. गारठलेला माणूस आणि प्यालेला माणूस सारखेच दिसतात, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. हॉस्पिटलात विचारा.”

“बाई, अहो तुम्ही स्वतः—”

“हो, मी स्वतः. म्हणून मीच आलेय परत घ्यायला. आणि एक विचारते. खाली माणसं आहेत हे माहीत असताना वरून पाणी कुणी सोडलं?”

साहेबांनी कागद परत आपल्याकडे ओढला. पण मधल्या खुर्चीतला माणूस पहिल्यांदाच साहेबांकडे वळून बघायला लागला. पुढे त्या चौकशीचं काय झालं ते धड कुणालाच कळलं नाही. अशा चौकशा जिरतात तशी तीही जिरली. साहेबांची बदली झाली, ती शिक्षा की बढती, यावर खात्यात बराच काळ वाद होता. टिल्लूवरचा ठपका मात्र गेला. त्याला दुसऱ्या पंपघरावर घेतलं.

बाई त्याआधीच त्याच्या खाटेशी जाऊन आल्या होत्या. काय बोलायचं ते त्यांनी रस्ताभर जुळवलं होतं, आणि तिथे गेल्यावर त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. “माझं चुकलं, भावजी,” एवढंच निघालं. टिल्लू उशीला टेकून बसला होता, हाताच्या बोटांना पट्ट्या. कुणीतरी त्याला सगळं सांगितलेलं होतं, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो रागावला नाही. त्याने खुर्चीकडे हात केला, बसा म्हणाला.

“असू द्या, बाई,” तो म्हणाला. “तुमची तरी काय चूक.”

बाई. सगळं जग त्यांना बाईच म्हणायचं. टिल्लूने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

मिस्त्री घरी आला तेव्हा थंडी सरली होती. पायाचा पंजा वर उचलला जात नव्हता. पाऊल टाकलं की पंजा फटकन जमिनीवर पडायचा. खड्ड्यात उतरायचं काम संपलं, हे त्याला सांगावं लागलं नाही. दिवसभर तो खिडकीशी बसून गल्लीतल्या कुणाच्या तरी पंपाचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, “बेअरिंग गेलंय त्याचं.” बाहेर चल म्हटलं की नको म्हणायचा. लोकांसमोर तो फटकन आवाज त्याला नको होता.

एका रविवारी सकाळी टिल्लू आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“चहा ठेवते,” बाई म्हणाल्या.

“नको बाई, आत्ताच झाला.” मग आत बघून, “चल रे मिस्त्री. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. मला पंपाचं विचारायचंय जरा.”

मिस्त्रीने कुरकुर केली आणि काठी घेतली. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. दोघं चालले होते, एक फटकन पाय टाकत आणि दुसरा त्याच्यापेक्षाही हळू. टिल्लू हात हलवून हलवून काहीतरी सांगत होता. गल्लीला पुढे चढ होता. चढ सुरू व्हायच्या आधी मिस्त्रीची पावलं जड झाली, खांदा एका बाजूला कलला. तो थांबू या म्हणणाऱ्यातला नव्हता.

तेवढ्यात टिल्लूच थांबला. भिंतीकडेला सार्वजनिक नळ होता. तो त्याच्यापाशी उकिडवा बसला, तोटी फिरवून बघितली, खालून बघितली, कान लावला, मान हलवली. मिस्त्रीने भिंतीला पाठ टेकली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून दम घेतला. टिल्लूचं नळाशी चाललेलं होतंच. मधेच तो वर बघून काहीतरी विचारत होता आणि मिस्त्री जाणत्यासारखं उत्तर देत होता.

बाई त्या नळावर रोज पाणी भरायच्या. नळाला काहीही झालेलं नव्हतं.

त्या दारातच उभ्या राहिल्या. मिस्त्रीची धाप पुरेशी ओसरली तेव्हा टिल्लू उठला, हात पँटला पुसले, आणि दोघं चढाला लागले.